आहे ते पाणी

ही गोष्ट २०२३ सालची, दिवाळी उलटल्यानंतरच्या आठवड्यातली. साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्या दिवाळीत आमच्या मजल्यावर दोन रांगोळ्या निघाल्या होत्या. पुढच्या वर्षी एकच निघाली.

मुलुंड पूर्वेला, नवघरच्या बाजूला, आमची तीन मजली जुनी इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं. एक माझं आणि दुसरं रत्नप्रभावहिनींचं. आम्ही १९८१ साली इथे राहायला आलो, तेव्हा वहिनी पायरीवर बसून कुळीथ निवडत होत्या. माझ्या हातातली पिशवी बघून त्यांनी विचारलं, "चाय घेतलास काय गो?" आमची ओळख व्हायला तेवढं पुरलं. त्यांचे यजमान दशरथभाऊ गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एका शाळेत शिपायाची नोकरी धरली आणि तिथूनच निवृत्त झाले. मी घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आमच्या घरी पोळी-भाजी, त्यांच्या घरी भात-माशांचं कालवण. दोन्ही स्वयंपाकघरांत एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. फोडणी त्यांच्याकडे पडली की ठसका मला लागायचा.

भाऊ गेले, मग आमचे हे गेले. माझा केयूर कॅनडात आहे, रविवारी फोनवर दिसतो. वहिनींचा सुबोध दहिसरला एका नव्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहतो. तो दर रविवारी यायचा, प्रत्यक्ष यायचा, आणि याचा मला थोडा हेवाही वाटत असे. बाकी आठवडाभर या मजल्यावर आम्ही दोघीच. दुपारी चारला त्यांचा चहा माझ्याकडे, नाहीतर माझा त्यांच्याकडे. दिवसातून तेवढंच काय ते माझ्या तोंडून मराठी वाक्य निघायचं. दूधवाल्याशी आणि लाइट बिल भरणाऱ्या पोऱ्याशी मी हिंदीच बोलते.

त्या वर्षी पावसाळ्यापासून वहिनींचं पोट तीनदा बिघडलं. तिसऱ्या वेळी तर सलाइन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, हे पाण्यातून होतंय. वय ऐंशी, पुढच्या वेळी किडनीवर जाईल. सुबोध घाबरला. तो घाबरला की रागावतो, लहानपणापासून तसाच आहे. माझ्यासमोरच आईला म्हणाला, "आई, बस झालं आता. या बिल्डिंगचं पाणी खराब असेल तर मी सोसायटीच्या मानगुटीवर बसतो, तुला मशीन लावून देतो, तू इथेच राहा. पण बिल्डिंगचं पाणी चांगलं निघालं आणि आपल्या घरातलंच खराब असलं, तर त्याचा अर्थ एकच. तुला आता एकटीने झेपत नाही. मग सामान बांधायचं."

"माका दहिसराक जावचा नाय," वहिनी म्हणाल्या. "थंय चौदाव्या माळ्यावर माझी तुळस खंय ठेवतलंय?"

"तुळशीला बाल्कनी आहे."

"आणि शुभा?" वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. "तिका खंय ठेवतलंस? बाल्कनीत?"

सुबोध हसला. मीही हसले. पण चहाचा कप बशीत ठेवताना माझ्याच हातून आवाज झाला.

आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश. त्यांच्याकडे गेलो तर ते म्हणाले, "काकू, आपलं पाणी एकदम फर्स्ट क्लास. गेल्याच वर्षी टाक्या धुतल्या. तरी पाहिजे तर लॅबमध्ये देतो, तीन-चार दिवस जातात रिपोर्टला." मग त्यांनाच आठवलं. "अरे हो, वरची ती मुलगी नाही का, श्रुतिका. ती पाणीच तपासते ना?"

श्रुतिका आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायची. मूळची चिपळूणची. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कंपनीत ती संशोधक होती. जिन्यात कधी भेटली तर कानातली वायर काढून "काय आजी, बऱ्या ना?" म्हणायची आणि उत्तर ऐकायला थांबायची. हल्ली हे थांबणं दुर्मिळ झालंय, म्हणून मला ती आवडायची.

संध्याकाळी ती आली आणि तिने माझ्या जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. काडेपेटीएवढी एक डबी, तिची वायर फोनला लावलेली, आणि पातळ पट्ट्यांचं एक पाकीट. पट्टी अगदी साखर तपासायच्या पट्टीसारखी. वहिनींना साखर होती, त्यांनी लगेच बोट पुढे केलं.

"रक्त नको आजी, पाणी पाहिजे," श्रुतिका म्हणाली. "ही बघा, या काळ्या ठिपक्यावर सोन्याचे कण बसवलेत."

वहिनींनी चष्मा लावून पट्टी नाकाशी नेली. "सोन्याचे? खंय दिसतत?"

"दिसणार नाहीत. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक."

"आणि काम झाला की पट्टी टाकून देतास?"

"हो."

"सोना टाकतास? वेडी की काय गो तू! लगीन व्हायचा हा तुझा."

श्रुतिका इतकी हसली की तिला पट्टी खाली ठेवावी लागली. मग तिने समजावून सांगितलं. त्या सोन्याच्या कणांवर एक प्रथिन चिकटवलेलं असतं. ते पोट बिघडवणाऱ्या एका जातीच्या जंतूलाच तेवढं पकडतं, दुसऱ्याला नाही. पट्टीतून अगदी थोडी वीज सोडायची. जंतू नसले तर वीज सरळ जाते आणि फोनच्या पडद्यावर एक उंच डोंगर उमटतो. जंतू येऊन कणांवर बसले की विजेची वाट अडते आणि डोंगर बुटका होतो. जितके जंतू जास्त, तितका डोंगर खुजा. लॅबमध्ये जंतू वाढवून मोजायला दिवस लागतात. हे अर्ध्या तासात कळतं.

मला माझं एक्स्चेंज आठवलं. "म्हणजे लाइनवर मधेच तिसरं कोणीतरी येऊन बसलं की आवाज कसा बारीक व्हायचा, तसंच ना?"

"अगदी तसंच! शुभाआजी, हे मी आता सरांना असंच सांगणार." तिच्या साहेबांचं नाव हर्षद. इमारतीतल्या घरोघरच्या पाण्यावर पट्टी चालवून पाहायला ते तयारच होते. त्यांना आकडे हवे होते आणि आम्हाला उत्तर.

दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाशांनी जिन्याखाली फळ्यावर खडूने लिहिलं: 'पाणी तपासणी. प्रत्येक घराने उद्या सकाळी घरातल्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून दाराबाहेर ठेवावा.' श्रुतिकाने निर्जंतुक केलेल्या छोट्या बाटल्या वाटल्या.

"नमुनो म्हणजे?" वहिनींनी मला विचारलं.

"थोडंसं पाणी बघायला द्यायचं."

"बघूक म्हणजे? सगळे बघतले?"

"सगळे नाहीत हो. श्रुतिका बघेल."

"तूच एक नमुनो आसंस," त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. बाटली पदरात धरून आत गेल्या.

सकाळी मी कळशीतलं पाणी बाटलीत भरलं. माझ्याकडे आईची तांब्याची कळशी आहे. रोज संध्याकाळी चिंच-मिठाने घासते, पाणी दुपदरी फडक्यातून गाळून भरते आणि सकाळपासून तेच पिते. बाटली भरून बाहेर ठेवत होते तोच वहिनी आपली बाटली घेऊन दारात आल्या.

"शुभा, वायच पाणी दी गो हेच्यात. माझो नळ आज करंगळीएवढो येता."

मी भरून दिलं. शेजारधर्मात पाणी मागायला कारण लागत नाही, त्यामुळे त्यांनी सांगितलेल्या कारणाकडे मी लक्षच दिलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत श्रुतिकाने सगळ्या बाटल्या तपासल्या. सगळीकडे डोंगर उंच. एकाही घरात जंतू नाहीत. चंद्रप्रकाशांनी लगेच फोनवरच्या ग्रुपवर टाकलं, 'आपल्या इमारतीचे पाणी शुद्ध आहे, सर्वांचे अभिनंदन', आणि खाली हात जोडलेली चित्रं. सुबोधचा आईला फोन आला. वहिनी फोन कानाला लावूनच माझ्या दारात आल्या, मला ऐकू यावं म्हणून.

"ठीक आहे आई," तो म्हणत होता, "बाहेरचंच काहीतरी खाल्लं असशील. राहा तिकडे. पण मी रविवारी येतोय, पेढे आणतो, जास्त खायचे नाहीत."

फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, "रवलंय गो." राहिले. त्या दिवशी आम्ही चहा दोनदा केला. दुसऱ्या वेळेला वहिनींनी भाऊंच्या पगाराच्या दिवशीची गोष्ट सांगितली. मी ती कितीदातरी ऐकली होती, तरी पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

शनिवारी सकाळी श्रुतिका माझ्याकडे आली ती कपाळाला आठ्या घालून.

"आजी, माझी वाट लागलीय. दोन बाटल्यांत काहीतरी भलतंच येतंय. हे बघा." तिने फोन दाखवला. उंच डोंगर होता, पण त्याच्या अलीकडे एक लहानशी टेकडी होती. "ही टेकडी जंतूंची नाही. पट्ट्याच खराब म्हणावं तर बाकी बाटल्यांत दिसत नाही. सर म्हणतात, तांबं असणार. तांबं पाण्यात उतरलं की विजेच्या वाटेत असं डोकावतं. तुम्ही बाटली नळाखालीच भरलीत ना?"

"नळाखाली कशाला? कळशीतलं भरलं. गाळून, रात्रभर ठेवलेलं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पण आजी, नमुना मागितला होता!"

"हो मग! नमुना म्हणजे चांगल्यातलं चांगलंच नाही का द्यायचं? शाळेत बाई फळ्यावर नमुन्याचं अक्षर काढायच्या, ते काय गिचमीड असायचं? कच्चं पाणी भरून मी कोणाच्या हातात देईन का?"

श्रुतिकाने खुर्चीत बसून दोन्ही हात डोक्याला लावले आणि मग खो-खो हसत सुटली. हसत हसतच घरोघर विचारून आली. तळमजल्याच्या कुंदाने उकळून थंड केलेलं पाणी दिलं होतं. तिच्या शेजारणीने तुरटी फिरवून निवळलेलं. चंद्रप्रकाशांनी फिल्टरचं. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या श्यामसुंदरांनी चक्क दुकानातून विकतची बाटली आणून तिच्यातलं ओतलं होतं, घरातल्या पाण्याचं नाव खराब होऊ नये म्हणून. इमारतीत नळाचं पाणी एकानेही दिलेलं नव्हतं.

"आख्ख्या बिल्डिंगने मला पाहुणी समजून पाणी दिलंय," ती म्हणाली. "झकास! आता सरांना काय सांगू?" मग सहज तिने विचारलं, "बरं, दुसरी तांब्याची बाटली रत्नाआजींची आहे. त्यांच्याकडेही अशी कळशी आहे?"

"नाही गं," मी म्हणाले. "त्यांच्याकडे माठ आहे."

आणि मग माझ्या लक्षात आलं. श्रुतिकाच्याही. वहिनींची म्हणून जी बाटली शुद्ध ठरली, तिच्यात माझ्याच कळशीचं पाणी होतं.

श्रुतिकाने आधी नळांचं पाणी तपासलं. स्वतः जाऊन, नळ थोडा वेळ वाहू देऊन, तळमजल्यापासून गच्चीच्या टाकीपर्यंत. इमारतीचं पाणी खरंच चांगलं होतं. वहिनींच्या नळाचंही. मग उरला तो माठ.

दुपारी चारला मी तिला घेऊन समोर गेले. वहिनींनी तिच्या हातातली डबी बघितली आणि चहाचं आधण ठेवता ठेवता थांबल्या.

"कळला मां तुमका?" त्या म्हणाल्या.

त्यांच्या ओट्याच्या कोपऱ्यात लाकडी तिवईवर तो माठ होता. काळा, पोटाला रुंद. गिरणी सुटल्यावर भाऊ येत, दारातच चप्पल काढून आधी माठाकडे जात, उभ्याने तांब्याभर पाणी पीत आणि मग घरात कोण कोण आहे ते बघत. फार पूर्वीचा पहिला माठ केव्हाच फुटला. त्यानंतरचा प्रत्येक माठ भाऊंनीच वाजवून निवडून आणला होता. हा त्यांचा शेवटचा.

"सकाळी उठला की शिळा पाणी तुळशीक ओतायचा, माठ घासायचा, मगे भरायचा," वहिनी सांगत होत्या, आमच्याकडे न बघता. "जन्मभर केलंय. आता मनगटात जोर नाय. उचलूक जमणा नाय. म्हणान वरसून वरसून भरतंय."

वरून वरून भरतंय. म्हणजे कित्येक महिन्यांत तो माठ रिकामा झालाच नव्हता. जुन्यात नवं पाणी पडत होतं, आणि थरथरत्या हातातला तांब्या बोटांसकट आत बुडत होता.

मला एकदम एक आवाज आठवला. चाळीस वर्षं रोज सकाळी भिंतीपलीकडून तो यायचा, तुळशीच्या कुंडीत धो-धो पाणी पडल्याचा. त्या आवाजानेच मी उठत असे. तो कधी थांबला, ते काही केल्या मला आठवेना. जन्मभर मी दुसऱ्यांच्या लाइनी ऐकायची नोकरी केली.

"मला हाक का नाही मारलीत?" मी विचारलं. "मी येऊन उचलला असता."

"तुझा मनगट काय लोखंडाचा?" त्या फणकारल्या. मग हळू म्हणाल्या, "शुभा, माठ दुसऱ्यान भरूक लागलो म्हणजे घर आपला रवणा नाय. सुबोधाक ह्याच तर होया."

श्रुतिकाने माठातलं पाणी घेतलं. ते आधी एका बारीक चाळणीतून दाबून काढलं, मग त्या चाळणीवर उरलेलं धुऊन थेंबभर पट्टीवर सोडलं. आम्ही तिघी टेबलाभोवती बसलो. आधण उकळून आटलं, तरी कोणी उठलं नाही. फोनवर रेघ उमटू लागली. चढली, थोडी चढली, आणि तिथूनच उतरली. डोंगर असा नव्हताच. शेतातल्या बांधाएवढा उंचवटा होता.

वहिनींना वाचायला सांगावं लागलं नाही.

"आजी, मी आकडा बदलणार नाही," श्रुतिका म्हणाली. "पण हे तुमच्या घरातलं पाणी आहे. कोणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी ग्रुपवर काही टाकणार नाही. फक्त एक करा, आज माठ ओतू नका. एकाच पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही, असा आमचा नियम आहे. माझ्याकडच्या पट्ट्या संपल्यात. उद्या दुपारी मरोळहून आणते आणि परत लावते. तोवर त्यातलं पिऊ नका, हातही लावू नका."

ती गेल्यावर आम्ही दोघींनी बेत केला. माठ धुऊन पालथा घालायचा. त्या जागी तोटीचं स्टीलचं छोटं पिंप आणायचं, रोज चार तांबेच भरायचं. आणि सकाळी ते मी घासायचं, पण चहाला आले म्हणून घासायचं, तेवढ्यासाठी आले म्हणून नाही. वहिनींनी हे शेवटचं कलम दोनदा म्हणवून घेतलं. सुबोधला सांगायचं काही कारणच उरलं नव्हतं. दुखणं कळलं होतं, उपाय सापडला होता. मी माझ्या कळशीतलं पाणी त्यांना भरून दिलं आणि घरी आले. फार दिवसांनी मला दुसऱ्या दिवशीच्या सकाळी काहीतरी काम होतं.

रविवारी मी न्याहारीनंतर वहिनींकडेच बसले होते. सुबोध नेहमी जेवायच्या वेळेला यायचा. त्या दिवशी लवकर आला. हातात पेढ्यांचा पुडा, कपाळावर घाम. दहिसरहून मोटारसायकलवर आला होता, वाटेत ट्रॅफिक. "काकू, तुम्हीपण आहात, बरं झालं," म्हणत त्याने चप्पल काढली, पुडा टेबलावर टाकला आणि तसाच स्वयंपाकघरात गेला. आम्हाला काही सुचायच्या आत त्याने माठावरची ताटली उचलली होती. अगदी बापासारखा, उभ्याने. तांब्या बुडाल्याचा आवाज आला.

"सुबोधा! पिव नको ता!"

वहिनी इतक्या मोठ्याने ओरडल्या की तुळशीवरची चिमणी उडाली. ऐंशी वर्षांची बाई खुर्चीवरून कशी उठली आणि कशी पोचली, मला सांगता येणार नाही. त्यांनी त्याच्या तोंडाशी गेलेला तांब्या हाताने उडवला. पाणी त्याच्या शर्टावर, भिंतीवर, ओट्यावर.

"आई! काय झालं काय?"

वहिनी ओट्याला धरून उभ्या होत्या. श्वास लागला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं, माठाला तडा गेलाय म्हणणार होते की काय कोण जाणे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तेच्यात किडे आसत," त्या मुलाला म्हणाल्या. "तुझ्या आयशीक आता माठ धुवूक जमणा नाय. ह्याच पाणी पिवन मी आजारी पडलंय."

मला वाटलं, आता सुबोध चिडेल. त्याने ओल्या शर्टानेच आईला खुर्चीत बसवलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिचं मनगट हातात घेऊन बघत राहिला, जसं काही ते त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"काकू करतो म्हणाल्यात," मी माझ्याबद्दलच बोलत होते आणि वाक्य चुकत होतं. "म्हणजे मी. मी रोज येईन. पिंप आणणारच होतो आम्ही आज."

"काकू, तुम्ही सत्याहत्तरच्या आहात," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात जराही राग नव्हता.

"चल," वहिनी म्हणाल्या. "तू सांगलंलस मां, घरातला पाणी वायट निघाला तर सामान बांधायचा. निघाला."

"आई, आजच नको गं..."

"आजच. उद्या माझो धीर व्हायचो नाय."

दुपारी श्रुतिका पट्ट्या घेऊन आली तेव्हा सुबोध कपाटातल्या साड्या बॅगेत भरत होता. तिने दुसरी पट्टी लावली. तोच बांधाएवढा उंचवटा. मग आम्ही तिघांनी मिळून माठ उचलला आणि मोरीत रिकामा केला. वहिनी दारात उभ्या राहून सांगत होत्या, "सांभाळून. काठ आपटतलो." निघताना त्यांनी तुळस सुबोधच्या हातात दिली आणि माठ माझ्या.

"ठेव तुझ्याकडे," म्हणाल्या. "थंय मशीन आसा."

जिन्यात त्या दर पायरीला थांबत होत्या. मी वरून बघत होते. शेवटच्या वळणावर त्यांनी वर न बघताच विचारलं, "चाय घेतलास काय गो?" साडेतीन वाजले होते. मी म्हटलं, घेते.

श्रुतिकाच्या कंपनीने नंतर पट्टीत बदल केला. आता पाण्यात आधी एक थेंब घालतात, तो तांब्याला बांधून ठेवतो, मग टेकडी येत नाही. तिच्या साहेबांनी, हर्षदनी, माहितीपत्रक मराठीत छापलं तेव्हा श्रुतिका ते मला दाखवायला आली. त्यात 'नमुना' हा शब्दच नव्हता. तिने लिहिलं होतं: 'चांगलं पाणी देऊ नका. रोज पिता तेच, आहे ते पाणी द्या.' पुढे तिचं लग्न ठरलं आणि ती हैदराबादला गेली, तिथेही तेच काम करते. लग्नात वहिनींच्या नावाने तिने एक ग्रॅम सोनं घेतलं, असं तिने मला फोनवर सांगितलं. फेकून न देण्याचं सोनं.

चंद्रप्रकाश अजून सेक्रेटरी आहेत. टाक्या आता वर्षातून दोनदा धुतात. श्यामसुंदर फ्लॅट विकून वसईला गेले. कुंदा आहे, पण तिचं दार तळमजल्यावर, आणि माझे गुडघे दुसऱ्या मजल्यावर.

वहिनी दहिसरला दीड वर्ष राहिल्या. पोट पुन्हा कधी बिघडलं नाही. चारच्या सुमाराला त्यांचा फोन यायचा. दोन्हीकडे कप असायचे. "हंयच्या पाण्याक चवच नाय गो," एवढीच तक्रार. सून चांगली होती, नातीने मालवणी शिकायला घेतली होती. गेल्या वैशाखात त्या झोपेतच गेल्या. सुबोध स्वतः सांगायला आला, फोन केला नाही. तुळस त्याने परत आणली होती. तिला वरचा वारा मानवला नव्हता, नुसत्या काड्या राहिल्या होत्या. वहिनींचं घर त्याने अजून भाड्याने दिलेलं नाही. महिन्यातून एकदा येतो, खिडक्या उघडतो, माझ्याकडे चहा पितो आणि जाताना जरा उगाच रेंगाळतो.

तुळशीला खालून नवी पानं आली आहेत. भाऊंचा माठ माझ्या ओट्यावर तिवईवर असतो. मी तो निम्माच भरते, माझ्या मनगटाला तेवढाच झेपतो. सकाळी उठले की कालचं पाणी कुंडीत ओतते, जरा उंचावरून, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं.